नावे उजवीकडे

आमच्या पोशीरच्या घरात माळ्यावर पत्र्याची एक ट्रंक आहे. तिच्यात बापूंच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, अकरा वह्या आहेत. लाल कापडी पुठ्ठा, लांबट आकार, दोऱ्याची शिवण, पहिल्या पानावर 'श्री' आणि हळदीकुंकवाचे डाग. बापू नेरळला एका भाताच्या व्यापाऱ्याकडे दिवाणजी होते. पेढीच्या वह्या पेढीवरच राहिल्या, या आमच्या घरच्या. घरचा जमाखर्चही ते पेढीसारखाच लिहीत. आईने नेरळच्या बाजारात अंडी विकून पैसे घरात दिले तर ते तिच्या खात्यावर जमा पडत, आणि त्यातून तिने बांगड्या भरल्या तर तिच्या नावे. आई म्हणायची, "माझेच पैसे, मग माझ्या नावे कसे?" हा प्रश्न पुढे मी तीस वर्षं निरनिराळ्या देशांच्या मुलांच्या तोंडून ऐकला.

त्या वह्यांत रेघा नाहीत. कोऱ्या पानाला उभ्या घड्या घालायच्या, त्या घड्यांचे वळ हेच रकाने. त्यांना सळ म्हणत. डावीकडचे सळ जमेचे, उजवीकडचे नावे टाकायचे. मी सहा-सात वर्षांचा असताना बापूंनी शिकवलं: कुणाकडून आलं ते डाव्या अंगाला, कुणाला दिलं ते उजव्या अंगाला. "दान कुठल्या हाताने देतोस? उजव्या ना? मग नावे उजवीकडे." याच्याइतकं पक्कं मला दुसरं काही येत नव्हतं. पुण्याला गेल्यावर पहिल्याच महिन्यात नेमकं तेच चुकलं.

बापू शाळेत असे फार गेलेच नव्हते. माथेरानचे भाई कोतवाल, म्हणजे वकील विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, यांनी कर्जत तालुक्यात खेडोपाडी स्वयंसेवकांच्या जोरावर शाळा काढल्या होत्या. त्यांतल्या एकीत बापू वाढत्या वयात अक्षर शिकले. सावकाराच्या पाशातून शेतकऱ्याला सोडवावं म्हणून कोतवालांनी धान्याच्या कोठ्याही चालवल्या. पावसाळ्यात भात उसनं न्यायचं, सुगीला परत आणून घालायचं. त्याचा हिशेब कुणीतरी लिहायला हवा, तो लिहिता लिहिता बापूंचा हात बसला. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. ती तारीख बापू कधी विसरले नाहीत. त्या दिवशी वहीत काही लिहीत नसत.

मी आयुष्यभर जे केलं त्याला धड नाव नाही. बायोडेटात 'खासगी शिकवणी' असं लिहायचो. परदेशातून पुण्यात आलेल्या मुलांना बी.कॉम.च्या वर्गात बसण्याजोगं करायचं, हा माझा धंदा. आता इंग्लंडात त्याला फाउंडेशन म्हणतात, पाथवे म्हणतात, गुळगुळीत कागदावर त्याच्या माहितीपुस्तिका निघतात. माझ्याकडे नारायण पेठेतल्या एका वाड्याची माडी, एक फळा आणि अप्पा बळवंत चौकात घेतलेली जुनी पुस्तकं होती.

आमच्या जिल्ह्याला परदेशी व्यापारी नवा नाही. (आमच्या लहानपणी हा कुलाबा जिल्हा. १ जानेवारी १९८१ पासून रायगड.) दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अल मसूदी नावाचा अरब प्रवासी चौलला आला. त्याने त्या बंदराचं नाव सैमूर असं लिहिलंय, आणि ओमान, बसरा, बगदाद अशा ठिकाणांहून आलेले हजारो लोक तिथे घरं करून राहिल्याची नोंद केलीय. पुढे १४६९ साली अफनासी निकितिन नावाचा एक रशियन चौललाच उतरला, विकायला एक घोडा घेऊन. घाट चढून जुन्नरला गेला तर तिथल्या खानाने घोडा अडकवून ठेवला. एका खुरासानी गृहस्थाने रदबदली केली तेव्हा तो सुटला. इथल्या मालात आपल्या देशासाठी कामाचं फारसं काही नाही, अशी कुरकुर त्याने लिहून ठेवलीय. भाषा येत नाही, नियम ठाऊक नाहीत, पैसा अडकलेला, आणि ऐन वेळी दुसराच एक परका मदतीला येतो. माझ्या माडीवर येणाऱ्या मुलांची कहाणी याहून वेगळी नसे.

हिशेब शिकवायची शाळा ही कल्पना मात्र आपल्याकडे अलीकडची. हिशेब पेढीवर शिकायचा, गादीच्या कडेला बसून, मोठ्यांची बोलणी खात. १९०० साली सोहराब दावर यांनी मुंबईत कॉमर्सचं कॉलेज काढलं, तिथे मुलं लंडन चेंबर ऑफ कॉमर्सच्या परीक्षांची तयारी करीत. १९१३ साली सिडनहॅम कॉलेज निघालं. आशियातलं हे पहिलं कॉमर्स कॉलेज, असं त्याच्याबद्दल सांगतात. गंमत पाहा, गिरगावात राहणारा मुलगा, ज्याच्या आज्याने आयुष्यभर खतावणी लिहिली, तो लंडनच्या व्यापाऱ्याला पत्र कसं लिहावं हे लंडनच्या परीक्षकासाठी पाठ करतोय. समुद्र न ओलांडता तो परदेशी विद्यार्थी झालेला.

याच सिडनहॅममध्ये डॉ. आंबेडकर नोव्हेंबर १९१८ ते मार्च १९२० अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. कोलंबियाला जाऊन आलेले, पण लंडनचा अभ्यास अर्धा राहिलेला. पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली, आणि १९२० च्या जुलैत ते परत लंडनला गेले. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाला डी.एस्सी. मिळाली. याच्या पुढची गोष्ट मला जास्त जवळची वाटते. १९२५ पासून साधारण तीन वर्षं ते बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सीच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवीत. एवढ्या पदव्यांचा माणूस, संध्याकाळी क्लास घेतोय. जमशेद बाटलीबॉय यांचं अकाउंटन्सीचं जाडजूड पुस्तक मी पुढे अर्ध्या किमतीत घेतलं, त्याच्या कोऱ्या पानावर आधीच्या चार मालकांची नावं होती. क्लास घेणं हलकं काम आहे असं मला कुणी म्हटलं की मी मनातल्या मनात ती संस्था आठवायचो. तोंडाने बोलायची हिंमत नव्हती.

तर १९७२. मी आत्याकडे राहून पुण्यात एका कॉलेजात पहिल्या वर्षाला. कॉलेज कुठलं ते राहू द्या. अकरावी मॅट्रिकपर्यंत सगळं मराठीत झालेलं. नेरळहून कर्जत, कर्जतला गाडी बदलून पुणे, एवढाच माझा प्रवास, पण वर्गात बसल्यावर वाटलं आपण बोटीने आलोय. सर इंग्रजीत नियम सांगत होते: घेणाऱ्याला डेबिट, देणाऱ्याला क्रेडिट. मला एकदम हायसं वाटलं, कारण हे तर बापूंचंच: घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा. मी उत्साहाने हात वर केला. फळ्यावर बोलावलं. उभी रेघ ओढली, आडवी ओढली, आणि गिऱ्हाइकाचं डेबिट उजवीकडे लिहून मोकळा झालो.

इंग्रजी पद्धतीत डेबिट डावीकडे असतं. रोखीच्या वहीत दोन्ही पद्धती जुळतात, आलं ते डावीकडे, गेलं ते उजवीकडे. घोटाळा होतो तो माणसांच्या खात्यांत. आपल्या खतावणीत जमा डावी, नावे उजवे. त्यांच्या लेजरमध्ये बरोब्बर उलट. आज हे दोन वाक्यांत सांगता येतं. त्या दिवशी सांगायला कुणी नव्हतं. सरांनी इंग्रजीत विचारलं, कुठल्या देशातून आलास? मला प्रश्न पुरता कळला नाही. मी म्हटलं, "पोशीर." नव्वद मुलं हसली.

त्या वर्षी मी बापूंच्या वहीला हात लावला नाही. दिवाळीत घरी गेलो, लक्ष्मीपूजनाला नवी वही पाटावर मांडली, तरी कुंकू लावायला पुढे झालो नाही. बापूंनी काही विचारलं नाही.

पुण्यात परदेशी मुलं तेव्हा आधीपासून होती. पुणे विद्यापीठ १९४९ चं, बृहन्महाराष्ट्र कॉमर्स कॉलेज १९४३ चं. पूर्व आफ्रिकेतली, मॉरिशसची मुलं फर्ग्युसनच्या रस्त्यावर दिसत. त्यांची विचारपूस करणारं मात्र कुणी नव्हतं. फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवणारे आणि वसतिगृहाचे रेक्टर असलेले शां. ब. मुजुमदार यांनी एकदा पाहिलं की एक मुलगी मुलांच्या वसतिगृहाच्या खिडकीतून काहीतरी आत देतेय. चौकशी केली तर आत मॉरिशसचा एक मुलगा काविळीने पडलेला, आणि ती त्याला जेवण पोचवत होती. त्यातून १९७१ साली सिंबायोसिस उभी राहिली. दोन जीव एकमेकांच्या आधाराने जगतात त्याला वनस्पतिशास्त्रात जो शब्द आहे, तोच संस्थेचं नाव झाला. पुढच्याच वर्षी तिथे परदेशी मुलांना इंग्रजी शिकवणारी वेगळी शाखा सुरू झाली, एल्टिस. १९७८ साली मॅनेजमेंटची संस्था. आज तिथल्या इमारती पाहून कुणाला वाटणार नाही की याची सुरुवात डब्यातल्या जेवणापासून झाली.

एल्टिसची ती शाखा निघाली त्याच वर्षी माझी फळ्यावर फजिती झाली. मला इंग्रजी व्यवहाराची ओळख करून देणारं, आपल्याकडचं कुठे जुळतं नि कुठे उलटतं ते सांगणारं काहीतरी हवं होतं. पण मी परदेशी नव्हतो. माझ्याकडे पासपोर्ट नव्हता, त्यामुळे मला सगळं येतं असं गृहीत धरलं होतं.

१९७४ मध्ये मी शेवटच्या वर्षाला असताना आमच्या वाड्यात एक इराणी मुलगा भाड्याने राहायला आला. शिराजचा, म्हणून मी त्याला शिराजी म्हणायचो. तेलाचा भाव नुकताच चौपट झालेला, इराणात पैसा आलेला. पण तिथल्या विद्यापीठांची प्रवेशपरीक्षा भयंकर कडक. त्यात गळालेली मुलं अमेरिका, इंग्लंड गाठत, आणि ज्यांच्या बापाचा हात तेवढा लांब नसे ती पुण्याला येत. शिराजीला इंग्रजी जेमतेम. एका संध्याकाळी तो बाटलीबॉयचं पुस्तक घेऊन माझ्याकडे आला. मी म्हटलं, खातं काढून दाखव. त्याने रेघा ओढल्या आणि डेबिट उजवीकडे लिहिलं.

मी बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसलो. त्याला वाटलं आपण काहीतरी भलतंच केलंय. फारसी उजवीकडून डावीकडे लिहितात, तेव्हा पहिली बाजू ती उजवी; त्याच्या देशात डेबिट तिथेच असतं. मी ट्रंकेतून बापूंची एक वही पुण्याला आणली होती, का आणली होती कुणास ठाऊक. ती त्याच्यासमोर उघडली. मोडीतला मजकूर त्याला कळेना, पण नावे उजवीकडे आहे हे बोटाने दाखवलं तेव्हा तो खुर्चीवरून उठून उभा राहिला.

मग शब्द निघाले. जमाखर्च म्हटलं तर तो म्हणाला, जम आणि खर्ज. त्याच्याकडे जम म्हणजे बेरीज, एवढाच फरक. बाकीला बाकी. हिशेबाला हेसाब, अकाउंटन्सीला हेसाबदारी. दप्तर म्हणजे दफ्तर, कर्ज म्हणजे कर्ज, नफा म्हणजे नफ, तारीख, बाजार, दुकान, माल. आपण रोजनामा म्हणतो, त्यांच्याकडे जर्नलला दफ्तर-ए-रूझनामे. ताळेबंद मात्र वेगळा निघाला: तराझनामे. मी फळ्यावर तराजू काढला, दोन पारडी काढली, आणि दोघंही हसलो. दोन तासांत जे झालं ते त्याला चार महिने कॉलेजात झालं नव्हतं, मला तर दोन वर्षांत झालं नव्हतं.

शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास राज्यव्यवहारकोश करवून घेतला, कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. रायगडावर अमात्य, सचिव आले ते त्याच काळात. गडावरून फारसी थोडीफार उतरली, पण वाण्याच्या वहीतून काही ती निघाली नाही. कोशकाराला दोष देत नाही. उधारी वसूल करायची असते तेव्हा माणूस ज्या शब्दाला गिऱ्हाईक घाबरतं तोच वापरतो.

दुसऱ्या महिन्यात शिराजीने दोन मित्र आणले, मग पाच. परीक्षा होऊन बी.कॉम. झालो तेव्हा, १९७५ साली, हाताशी अकरा मुलं होती. बँकेच्या परीक्षा द्यायच्या राहूनच गेल्या.

शिकवण्याची रीत मला कुणी सांगितली नव्हती, चुकांतून ती ठरत गेली. पहिले पंधरा दिवस पुस्तक बंद. प्रत्येकाने आपल्या घरचा धंदा सांगायचा आणि आपल्या भाषेतले हिशेबाचे शब्द लिहायचे. मग ते शब्द फळ्यावर एका रांगेत, इंग्रजी शब्द समोर, आणि कुठली बाजू कुठे जाते त्याचे बाण. इंग्रजीची भीती निम्मी इथेच जायची, कारण अडचण इंग्रजीची नसायचीच. गोष्ट माहीत असायची, तिचं नवं नाव माहीत नसायचं.

आकड्यांचीही मजा होती. सुदानची मुलं अरबी आकडे लिहीत, त्यात पाच हा जवळजवळ आपल्या शून्यासारखा गोल आणि शून्य म्हणजे नुसतं टिंब. एका सुदानी मुलाने पाचशेचं देणं लिहिलं, ते मी बराच वेळ शाईचा डाग समजत होतो. उलट ही मुलं पीएमटीच्या बसवरचा मराठी १ हा इंग्रजी ९ समजून भलत्याच बसमध्ये चढत. शिराजी भाव तोमानमध्ये सांगायचा आणि वहीत रियाल लिहायचा. दहा रियालांचा एक तोमान. त्याला वाटायचं हे मला विचित्र वाटेल. मी त्याला सांगितलं, आमच्याकडे १९५७ साली नवे पैसे आले, अजून माझी आई पाऊण रुपयाला बारा आणेच म्हणते.

व्यापारी कायदा शिकवताना खरी तारांबळ. भारतीय करार कायदा १८७२ चा, त्यातली उदाहरणं त्या वेळच्या मालावर बेतलेली. करार संदिग्ध असेल तर तो रद्दबातल, हे समजावताना कायदा म्हणतो, समजा एकाने दुसऱ्याला शंभर टन तेल विकायचं कबूल केलं. कुठलं तेल ते कळायला मार्ग नाही, म्हणून करार टिकत नाही. मी हे वाचून दाखवलं. शिराजी म्हणाला, कळायला मार्ग कसा नाही? तेल एकच असतं, जमिनीतून निघतं ते. मला आजवर ते उदाहरण वाचताना नेहमी गोडंतेलच दिसलं होतं. वर्गात मॉरिशसचा एक मुलगा होता, तो म्हणाला, त्यांच्याकडे तर स्वयंपाकाचंच धरतील. मी म्हटलं, बघा, तिघांना एकच तेल दिसलं नाही, म्हणून करार रद्द. त्या कलमावर त्यानंतर माझ्या कुठल्याही विद्यार्थ्याचे मार्क गेले नाहीत.

तो मॉरिशसचा मुलगा आडनावाने मराठी होता. एकोणिसाव्या शतकात कोकणातून उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून गेलेल्यांचा वंशज. घरात क्रिओल बोलायचा, लिहायचा फ्रेंच, पण गणपतीत जाखडी नाचता यायची, तिला तो झाकरी म्हणे. एका मे महिन्यात मी त्याला पोशीरला घेऊन आलो. आमच्याकडे राब भाजायचं काम चालू होतं, सगळीकडे धूर. आईने विचारलं, "कुठला रे तू?" त्याला पुणेरी मराठी कळायला जड जायची, आईची लगेच कळली. बापूंनी त्याला वही दाखवली. तो त्यांच्याशी काय बोलला मला ठाऊक नाही, पण बापूंनी त्या वर्षीच्या वहीत त्याच्या नावाचं खातं उघडलं आणि पहिली नोंद केली: आंबे, नग बारा, नावे. परत मागायचे नव्हते, तरी लिहिले.

परदेशी मुलाचं अर्धं आयुष्य मात्र कागदांत जायचं. पोलीस कमिशनरच्या कचेरीत नोंदणी, घर बदललं की कळवणं, शाळेच्या दाखल्याचं भाषांतर, त्याच्यावर वकिलातीचा शिक्का. विषय बदलायचा तर पुन्हा सगळं. मी नाही म्हणत म्हणत अर्जही लिहायला लागलो. अर्ज लिहिणं हा सुद्धा बी.कॉम.चाच भाग आहे, असं म्हणून स्वतःची समजूत घालायचो. पुढे त्याचे दोन रुपये जादा घ्यायला लागलो, तेव्हा समजूत घालायची गरज उरली नाही.

१९७९ च्या जानेवारीत इराणचे शहा देश सोडून गेले, फेब्रुवारीत खोमेनी परत आले, क्रांती झाली. माझ्या माडीवर त्या दोन महिन्यांत वर्ग धड झाला नाही. सगळे रेडिओभोवती. दोन मुलांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. एकाच्या घरून पैसे यायचे थांबले. शिराजी एव्हाना एम.कॉम.ला होता, एक वर्ष नापास होऊन, पण माझ्याकडे शिकवणी चालूच. जानेवारीत त्याने तीन महिन्यांची फी आगाऊ दिली होती. महिना चाळीस, एकूण १२० रुपये. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तो सकाळी आला, पुस्तकांचा गठ्ठा ठेवला आणि म्हणाला, परीक्षेला परत येतो. एक महिना शिकवलेला. उरलेले ८० त्याचे.

नंतर इराण-इराकचं युद्ध आठ वर्षं चाललं.

माझा वर्ग चालू राहिला. सुदानी, येमेनी, केनियाचे, मग बरेच पॅलेस्टिनी. १९८० नंतर इंग्लंडात परदेशी मुलांकडून पूर्ण खर्चाची फी घ्यायला सुरुवात झाली. थॅचरबाईंच्या सरकारचा तो निर्णय. तिथल्या विद्यापीठांना परदेशी मुलगा हे उत्पन्न झालं, आणि त्याला पदवीच्या आधी एक वर्ष तयार करणं हाही मोठा धंदा झाला. १९८९ साली इंग्रजीची परीक्षा आयेल्ट्‌स आली. तो तयारीचा धंदा म्हणजे माझ्या वर्गाचा चुलतभाऊच, फक्त त्याला ऑफिस आणि एसी. मी त्यांची पुस्तकं मागवून पाहिली. चांगली असतात. निबंधात दुसऱ्याचं वाक्य घेतलं तर कसं सांगायचं, आलेख कसा वाचायचा, चर्चेत मधे कसं बोलायचं, हे सगळं असतं. मुलाला त्याच्या घरचा धंदा विचारणारं पान मला त्यात सापडलं नाही.

२००८ मध्ये वर्ग बंद करून मी पोशीरला राहायला आलो. पुढच्याच वर्षी कर्जतजवळ कुशिवलीला युनिव्हर्सल बिझनेस स्कूल निघालं. भाताच्या खाचरांना लागून, आणि तिथे शिकून वेल्समधल्या कार्डिफ मेट्रोपॉलिटन विद्यापीठाची पदवी मिळू लागली. आता ते युनिव्हर्सल एआय विद्यापीठ झालंय. पहिल्यांदा तिकडून एसटीने गेलो तेव्हा फाटकाबाहेर टपरीवर मुलं उभी होती, हातात लॅपटॉप. शेजारी एक कातकरी बाई करवंदांच्या पाट्या घेऊन बसलेली. एक मुलगी तिला मोबाइलवरून पैसे पाठवू पाहत होती, आणि बाई म्हणत होती, "ते नको, रोख दे." मी उतरणार होतो, पण उतरलो नाही.

आमच्या आळीतली एक मुलगी सध्या माझ्याकडे येते. कर्जतला बी.कॉम. झाली, आता इंग्लंडात बिझनेसची मास्टर्स करायची आहे. मला आबा म्हणते. बापाने रस्त्याकडेचे चार गुंठे विकले, उरलेलं कर्ज. व्हिसासाठी ते पैसे खात्यात सलग अठ्ठावीस दिवस हलले नाहीत असं दाखवावं लागतं. बाप रोज सकाळी मोबाइलवर रक्कम बघतो, कमी तर झाली नाही ना म्हणून. तिने अर्जासोबतचा मजकूर लिहून आणला होता, आपल्याला लहानपणापासून उद्योगाची आवड आहे वगैरे. मी तो बाजूला ठेवला आणि तिच्या आईच्या बचत गटाचं रजिस्टर आणायला सांगितलं. तिची आई गटाची सचिव आहे. एका बाईने कर्ज घेऊन शेळ्या घेतल्या, दोन मेल्या, तरी हप्ता चुकवला नाही, तो कसा फेडला हे सगळं त्यात आहे. त्यावर लिही म्हटलं. ती म्हणाली, "आबा, हे चालेल?" मी म्हटलं, लिहून तर बघ.

परवा लक्ष्मीपूजनाला ती घरी आली होती. मी अजून लाल वही वापरतो, सळ पाडलेली. जुन्या वहीतून नव्या वहीत शिल्लक ओढायचं काम चाललं होतं. तिने वाकून पाहिलं आणि शिराजीच्या खात्यावर बोट ठेवलं. ८० रुपये, डावीकडे, जमा. मागील पानावरून, मागील पानावरून, असं दरवर्षी.

"आबा, हे डिफर्ड रेव्हेन्यू झालं," ती म्हणाली. "शिकवणी दिली नाहीत ना. पण इतकी वर्षं झाली, उत्पन्नात टाकून खातं बंद करता येतं."

मी म्हटलं, करता येतं. आणि नव्या पानाला घडी घालून डाव्या सळात लिहिलं, मागील बाकी, ८०.